दोन रोहित, एक खाडी

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात उभं राहून 'रोहित' अशी हाक मारा, निदान तीन खिडक्या उघडतील. ठाण्याच्या खाडीत मात्र रोहित दोनच. एक मोठा रोहित आणि एक छोटा रोहित. फ्लेमिंगो म्हणतात ते हेच पक्षी. दोघंही गुलाबी, दोघांच्याही पायांच्या काड्या आणि दोघंही मान खाली घालून काम करणारे, म्हणजे जवळजवळ आमच्याच केडरचे! मोठा अंमळ उंच, त्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. छोट्याची चोच गडद लाल. लांबून दोघांना ओळखणं म्हणजे चष्मा घरी विसरून चेकवरची सही ताडून पाहणं.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे हे गुलाबी थवे पाहून मला कविता सुचली नाही, हिशेबाचा प्रश्न पडला. एकाच चिखलात हजारोंनी जेवणाऱ्या या दोन सारख्या जातींपैकी एकीने दुसरीला अजून हुसकावलं कसं नाही? आमच्याकडे लोकलच्या चौथ्या सीटवरून डोंबिवलीला सुरू झालेलं भांडण ठाणं आलं तरी मिटत नाही.

गाउझ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1934 साली या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. पॅरामेशियम या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती त्याने एकाच नळीत सोडल्या आणि दोघींना एकच अन्न दिलं. थोड्याच दिवसांत एकच जात उरली. पुढे त्याने जोडीला तिसरी जात आणली. ती तळाशी जेवायची आणि दुसरी वर. त्या दोघी मात्र सुखाने नांदल्या.

खाडीतही तोच मामला. छोट्याच्या चोचीतली गाळणी बारीक, तो पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. मोठ्याची गाळणी जाड, तो चिखलातल्या अळ्या आणि बारीक कवचवाले जीव टिपतो. थोडंफार एकमेकांच्या ताटातलं जातं, पण शेजारधर्मात तेवढं चालतंच.

मग याला सलोखा म्हणायचं की नुसती सोय? आमच्या शेजाऱ्यांशी पंधरा वर्षांत आमचं एकदाही वाजलेलं नाही. आमची ही याचं श्रेय दोन्ही घरांतल्या संस्कारांना देते. मला आपली शंका येते, की ते पाणी पहाटे भरतात आणि आम्ही रात्री, एवढंच त्यामागचं कारण असावं.

येल विद्यापीठातल्या हचिन्सन यांनी 1961 साली याच्या पुढचं कोडं घातलं. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना हवं असतं ते सारखंच, ऊन आणि क्षार. तरी त्यांच्या कितीतरी जाती एकत्र राहतात. कशा? त्यांनी सुचवलेलं एक उत्तर असं, की पाण्याची परिस्थिती सारखी पालटत असते. एक जात जिंकायच्या आत खेळाचे नियमच बदलतात. हे वाचलं आणि मला बँकेतल्या बदल्यांचं मर्म कळलं. आमच्या शाखेत सारख्याच वकुबाचे दोन साहेब एकाच खुर्चीवर डोळा ठेवून होते. निकाल लागायच्या आत एक गेले कल्याणला, दुसरे नाशिकला. निरोप समारंभात दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि ती खोटी नव्हती.

खाडीलाही रोज भरती-ओहोटी असते आणि दर पावसाळ्यात तिचं खारं पाणी गोडसर होतं. हे बदल जातात नि परत येतात. भराव मात्र एकदा पडला की परत जात नाही. उथळ नाही, खोल नाही, सगळं सपाट! मग बारीक गाळणीचा काय उपयोग नि जाड गाळणीचा काय? 2015 साली खाडीचं सुमारे 1690 हेक्टर क्षेत्र रोहितांचं अभयारण्य झालं आणि 2022 साली ते रामसर यादीत गेलं, ते बरंच झालं. शांतता मनात असते म्हणतात, पण तिला पाय ठेवायला आधी जागा लागते.

म्हणून मी चांगुलपणाचा हिशेब वेगळा मांडतो. आपलं ताट वेगळं आहे म्हणून न भांडणं यात आपली कमाई काही नाही, ती चोचीची कृपा. कमाई आहे ती दुसऱ्याच्या ताटाला जागा ठेवण्यात. गाउझच्या नळीतल्या जीवांना ते जमणारं नव्हतं. आपल्याला जमतं. सकाळी आठच्या लोकलमध्ये तीन माणसं आधीच अवघडून बसलेली असतात, चौथा येऊन म्हणतो, "जरा सरकून घ्या," आणि तिघंही कपाळाला आठ्या घालून का होईना, सरकतात.