बोटांमधली पानगळ

माझ्या भाचीला फेब्रुवारी 2023 मध्ये मुलगा झाला. बाळ गुटगुटीत, रंगाने आईवर गेलेले. फक्त उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका एकमेकांना जुळलेली. भाची इच्छापोरला असते. सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना हे गाव लागते. जावई हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसतात. मंडळी मूळची खानदेशातली, पण दोन पिढ्या सुरतेत गेल्यामुळे घरात रागवायचे मराठीत आणि हिशेब गुजरातीत अशी वाटणी झालेली आहे.

बाळाचा हात पाहिल्याबरोबर विहीणबाईंनी निकाल देऊन टाकला. ‘‘ग्रहण पाळलं नाही हिनं. हातात कात्री होती.’’

गोष्ट खरी होती. 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी सूर्यग्रहण होते. भाची घरी साड्यांना लेस लावायचे काम करते. व्यापाऱ्याचा माल द्यायचा राहिला होता आणि तिने दोरे कापले. तेव्हापासून मनातल्या मनात ती स्वतःलाच दोषी धरून बसलेली. बाळाला दूध पाजताना तो हात ती पदराखाली झाके.

डॉक्टर गुजराती होते. त्यांनी एका वाक्यात सांगितले, ‘‘जे कोषो मरवा जोईए, ते मर्या नहीं.’’ गुजरातीत ‘कोष’ म्हणजे आपली ‘पेशी’, आणि त्यांची ‘पेशी’ म्हणजे आपली ‘ऊती’. आमच्याकडची मुले शाळेत आणि घरी या दोन शब्दांत नेहमी गोंधळतात. भाचीला मात्र शब्द नव्हे, अर्थच कळेना. मरायला हवे होते आणि मेले नाही, म्हणून व्यंग? मरण्यावाचून व्यंग होते हे सगळ्यांना ठाऊक; हे उलटेच काहीतरी होते.

मी घरी येऊन वाचायला बसलो. गर्भात हात प्रथम वल्ह्यासारखा चपटा असतो. सुमारे सहाव्या ते आठव्या आठवड्यात बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशी आपण होऊन मरतात आणि बोटे सुटी होतात. या मरणाला 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने गळणे. पेशी आक्रसते, तिचे लहान लहान तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. वटवाघळाच्या पंखात हेच मरण थोपवले जाते, म्हणून त्याच्या बोटांमध्ये पडदा राहतो आणि ते उडते.

मग मी बोटांवर आठवडे मोजले. ग्रहणाच्या दिवशी भाचीला पाचवा महिना होता. बोटे सुटी व्हायची ती त्याआधी दोन-अडीच महिनेच होऊन गेलेली असतात. कात्री निर्दोष ठरली, आणि कात्री धरणारीही.

हे जावयांना सांगितले तर ते म्हणाले, ‘‘मामा, मग हे आमच्या कामासारखंच. रफमधला अर्ध्याहून जास्त माल धूळ होऊन जातो, तेव्हा हिऱ्याला घाट येतो.’’ उपमा चांगली आहे, पण मला ती टोचत राहिली. हिऱ्याची धूळ जिवंत नसते. ही पेशी जिवंत असते, आणि तिचा अंत करणारी यंत्रणा तिच्याच पोटात असते. मग हा त्याग म्हणायचा का?

आपल्याकडे त्याग हा शब्द फार स्वस्त झाला आहे. 2008 च्या मंदीत सुरतेतले हिरेकामगार मोठ्या संख्येने बेकार झाले, तेव्हा ‘संस्था टिकायची तर काहींना जावंच लागतं’ असे चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकले आहे. बोलणाऱ्याची नोकरी शाबूत होती. शरीराचा दाखला अशा वेळी सोयीचा वाटतो. पण तो नीट पाहिला तर त्या माणसाच्या बाजूने बोलत नाही. गर्भात पाठीच्या कण्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींपैकी सुमारे निम्म्या मरतात. त्या नालायक असतात असे नव्हे. स्नायूंकडून येणारा, जगण्याचा निरोप देणारा पदार्थ सगळ्यांना पुरत नाही, एवढेच. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या विदुषींनी असा एक पदार्थ शोधून काढला, त्यासाठी त्यांना 1986 चे नोबेल मिळाले. पुढे 1992 मध्ये मार्टिन रॅफ यांनी असे मांडले, की शेजाऱ्यांचा ‘जग’ हा निरोप येत राहतो तोवरच पेशी जगते. तो थांबला की ती मरते. शिवाय मरणारी आणि उरणारी पेशी एकाच बीजातून झालेल्या. जी गेली तिचा वारसा उरलेलीतही तसाच आहे. कामावरून काढलेल्या माणसाचा वारसा मालकाच्या घरात वाढत नाही. आणि पेशीला जायचे की राहायचे हे विचारलेच जात नाही. जिथे नाही म्हणता येत नाही तिथे त्यागही नाही. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, माझ्या शिक्षणासाठी सातवीत शाळा सोडली. आम्ही आजवर त्याला तिचा त्याग म्हणत आलो. तिला कोणी विचारले होते, हे मला काही केल्या आठवत नाही.

बाळ दीड वर्षाचे झाल्यावर शस्त्रक्रिया झाली. मांडीची थोडी त्वचा घेऊन बोटांच्या बेचक्यात बसवली. जे काम पेशींनी बिनबोभाट करायचे, त्याला भूल, टाके आणि तीन आठवड्यांचे बँडेज लागले. आता पोरगा त्या हाताने भिंतीवर रेघोट्या मारतो.

7 सप्टेंबर 2025 च्या रात्री चंद्रग्रहण होते. मी इच्छापोरलाच मुक्कामाला होतो. भाचीला पुन्हा दिवस गेलेले. दहाच्या सुमारास ती साड्या घेऊन बसली तर कात्री जागेवर नाही. शोधाशोध झाली. विहीणबाई देवघरापुढे डोळे मिटून बसलेल्या. शेवटी कात्री गव्हाच्या डब्यात सापडली.

‘‘असू दे मामा,’’ भाची म्हणाली. तिने डब्याचे झाकण पुन्हा लावले आणि दोरा दातांनी तोडला.