अंगणातले प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात तीन वर्षांचं लेकरू बोलत नसलं, तर घरातली थोरली माणसं आईला धीर देतात, “बोलंल हळूहळू. याचा बापबी उशिरानंच बोलला.” वर्षभरानं शंका कानाची येते. कुणीतरी पाठीमागं उभं राहून ताट वाजवतं. लेकरू ताटाच्या आवाजाला मान वळवतं. नावानं हाक मारली तर वळवत नाही. बहिरं नाही, एवढं कळतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढं शाळेत ते ‘घुमं’ ठरतं, गल्लीत ‘येडं’, आणि विशीत पोचल्यावर ‘त्याचा सुभावच तसा’. ताट वाजवणाऱ्याची काही चूक नव्हती. त्यानं कानाची परीक्षा घेतली आणि उत्तरही बरोबर मिळालं. हाकेला मान का वळत नाही, हे विचारणारा प्रश्न मात्र त्या घरात नव्हता.

विकसनशील देशांतल्या मुलांत आणि तरुणांत स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणं किती प्रमाणात आढळतात, याचा शोध आज जगभर चालू आहे. परभणीसारख्या जिल्ह्यातून त्याकडे पाहिलं की त्याच्याही आधीचा एक प्रश्न उभा राहतो. हे प्रमाण काढताना जे विचारायचं, ते कोणाच्या अंगणातलं आहे? दुसऱ्याच्या अंगणातून उचललेले प्रश्न जिथं काही नाही तिथंही लक्षण दाखवतात. आणि प्रश्न विचारलाच नाही, तर जे समोर आहे तेही दिसत नाही. या दोन्ही चुका आपण एकाच वेळी करत आहोत.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांचा निबंध आला, आणि या अवस्थेला वैद्यकात ओळख मिळाली. १९७९ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी करताना लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांच्या लक्षात आलं की कॅनर यांच्या चौकटीत न बसणारी, तरीही तशाच अडचणींची मुलं कितीतरी अधिक आहेत. तिथून ‘वर्णपट’ ही कल्पना रुजली. एका टोकाला जन्मभर आधार लागणारी माणसं, दुसऱ्या टोकाला नोकरी-संसार सांभाळणारी, पण गर्दी, गोंगाट आणि आडून केलेली बोलणी यांनी थकून जाणारी. सौम्य लक्षणं तर उंचीसारखी साऱ्या समाजात कमीअधिक विखुरलेली असतात. म्हणून लक्षणं असणं आणि स्वमग्न असणं या दोन गोष्टी एक नव्हेत. मोजणीचा पहिला घोटाळा इथंच होतो.

ही विखुरलेली लक्षणं मोजण्यासाठी केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पन्नास विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं, ते माणसानं स्वतःच सांगायचं. मेगन फ्रीथ आणि सहकाऱ्यांनी हीच प्रश्नावली ब्रिटन, भारत आणि मलेशियातल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना दिली. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत आणि मलेशियातल्या विद्यार्थ्यांचे गुण ब्रिटिश विद्यार्थ्यांपेक्षा जास्त भरले, म्हणजे लक्षणं जास्त दिसली. कल्पनाशक्तीच्या विभागात तर सर्वाधिक अडचण भारतीयांची निघाली.

या प्रश्नावलीतली काही विधानं परभणीच्या एखाद्या तरुणासमोर ठेवून पाहू. पार्टीपेक्षा वाचनालय बरं वाटतं का, असं एक विधान सुचवतं. वसमत रोडवरच्या अभ्यासिकेत पहाटेपासून बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा वाचनालयच म्हणणार. त्याला माणसं नकोशी असतात म्हणून नव्हे. बापानं सोयाबीन विकून शुल्क भरलेलं असतं म्हणून. नाटक आवडतं की संग्रहालय, हे निवडायला दोन्ही आयुष्यात आलेली हवीत. गाड्यांचे क्रमांक नजरेत भरतात का, या विधानाचं तर बघायलाच नको. पुण्यात शिकणाऱ्या परभणीच्या पोराला रहदारीत परभणीचं ‘एमएच २२’ दिसलं की त्याचं मन क्षणभर गावाकडं जाऊन येतं. त्या प्रश्नावलीत मात्र ही ओढ लक्षण ठरून एक गुण वाढवते. प्रश्नावलीबाहेर, नजरेला नजर न देणं हे लक्षण तर आपल्याकडं मर्यादा मानली जाते, आणि वडीलधाऱ्यांपुढं मान खाली घालणाऱ्या मुलीचं सारं गाव कौतुक करतं.

म्हणून ही प्रश्नावली फेकून द्यावी का? तसंही नाही. त्याच अभ्यासात तिन्ही देशांत पुरुषांचे गुण स्त्रियांपेक्षा जास्त होते आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे इतरांपेक्षा जास्त. पातळी वेगळी, पण चढउतार सारखे. म्हणजे ते माप काहीतरी खरं पकडतं आहे. फक्त ‘इथून पुढं लक्षण’ अशी जी रेघ ब्रिटनमध्ये ओढली, ती उचलून परभणीत आणता येत नाही. रेघ इथंच, इथली माणसं पाहून ओढावी लागते.

आता दुसरी चूक, न विचारण्याची. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या दीडशे मुलांमागं एक मूल स्वमग्न नोंदलं गेलं; २०२२ च्या नोंदींत हे प्रमाण एकतीस मुलांमागं एक झालं. एवढ्या थोड्या काळात माणसाची जडणघडण पालटत नाही. व्याख्या रुंदावली, शिक्षक-डॉक्टरांची नजर तयार झाली, नोंद केल्यावर मदत मिळू लागली. या वाढीचा मोठा भाग त्यातून आला. दक्षिण कोरियातल्या एका शहरात संशोधक नेहमीच्या शाळांच्या वर्गांतही गेले. २०११ साली त्यांनी जाहीर केलेलं प्रमाण २.६४ टक्के होतं, आणि त्यातली बहुतांश मुलं सामान्य वर्गांत कुणाच्याही ध्यानात न येता बसलेली होती. आपल्याकडं कोलकात्याच्या शाळकरी मुलांत हजारात जेमतेम दोन-तीन स्वमग्न आढळली. मात्र पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास चार हजार मुलांची घरोघरी निवड करून, भारतीय मुलांसाठी घडवलेल्या साधनांनी तपासणी झाली, तेव्हा ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या फाटकाबाहेर राहिलेली मुलं हिशेबात धरली की आकडा असा बदलू शकतो.

२०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. शंभरात एक हेच प्रमाण इथं धरलं, तर अठरा हजार माणसं होतात. दोनशे पटाच्या शाळेत दोन मुलं. पण त्याच जनगणनेतल्या अपंगत्वाच्या आठ प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांतही नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं तिची दखल घेतली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एकवीस प्रकारांत तिला जागा दिली. कायद्यात शब्द आला. तो सेलूच्या, पालमच्या घरात पोचायचा आहे.

पोचण्याची वाट कागदावर तरी आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. परंतु गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात. पथक गावात येतं तेव्हा लेकरू कारखान्याच्या तळावर आई-बापासोबत कोपीत असतं. ज्या मुलाला जेवणाची थाळीसुद्धा रोज त्याच जागी लागते, त्याच्यासाठी हे दरसालचं स्थलांतर काय असेल! त्याचा आक्रोश मुकादमाला हट्ट वाटतो आणि आईला स्वतःचं नशीब.

मुलींची गोष्ट याहून बिकट आहे. जगभर मुलींमधली स्वमग्नता उशिरा ओळखली जाते, कारण त्या इतरांचं पाहून वागणं उचलतात आणि अडचण झाकून नेतात. आपल्याकडं त्यात गुणगौरवाची भर पडते. ‘पोरगी लई शांत, वर मान करून बघत नाही’ ही स्थळाला सांगायची जमेची बाजू असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीतल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अनोळखी घर, अनोळखी स्पर्श, अनोळखी वास, सतत बदलणाऱ्या अपेक्षा. हे सगळं एखाद्या स्वमग्न मुलीवर सोळाव्या वर्षी एकदम कोसळतं, आणि जे घडतं त्याला ‘नांदली नाही’ एवढंच नाव मिळतं.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो मनापासूनचा असतो. नाव देऊन काय साधणार? शिक्का बसेल, बहिणीचं लग्न अडेल. आपलं गाव अशा माणसांना सामावून घेतच होतं. शेळ्या वळणारा, देवळाचा चौघडा वेळेवर वाजवणारा, कुणाची गाय कधी व्याली ते तोंडपाठ सांगणारा माणूस गावात मानानं राहत होता. यात तथ्य आहे. कामाची लय ठरलेली असेल आणि माणसं ओळखीची असतील, तर कितीतरी लक्षणं अडथळा होत नाहीत. पण ती लय आता मोडली आहे. मुलाखत, वसतिगृह, गटचर्चा यांच्यातून गेल्याशिवाय आज पोटाला लागता येत नाही. शिवाय गावाचं सामावून घेणं बहुतेक वेळा एका बाईच्या जिवावर उभं असतं. “आमच्या माघारी याचं कसं?” असं ती आई विचारते, तेव्हा गाव गप्प होतं. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे अशा सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. पण त्यासाठी आधी नोंद लागते, आणि नोंदीसाठी नाव.

नाव नसलं की त्याची जागा दोष घेतो. अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये आईच्या कोरडेपणावर ठपका ठेवला. दहा वर्षांनी जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा पुढं आला, तोवर असंख्य आया स्वतःला गुन्हेगार समजून बसल्या होत्या. आपल्याकडं ग्रहणात भाजी चिरली म्हणून, आणि आता मोबाइल दिला म्हणून, बोट तिच्याकडंच जातं. हातात सतत पडदा असणं लहान मुलाच्या बोलण्याला मारक ठरतं, हे खरं. पण स्वमग्नतेची मुळं जन्माआधीची असतात. आईला हे ठामपणे सांगणं हाच पहिला उपचार आहे.

पुढचा उपचारही आवाक्याबाहेरचा नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटानं ६५ मुलांसोबत एक चाचणी केली; ती २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आई-मुलाच्या खेळाचं चित्रण केलं आणि ते आईसोबत बसून पाहिलं. लेकरू कुठं साद देतं, तिनं कुठं थांबायचं, हे तिला तिच्याच चित्रणातून दाखवलं. बारा भेटींत आईचा प्रतिसाद मुलाच्या कलानं जाऊ लागला आणि मूल स्वतःहून तिच्याकडं अधिक वळू लागलं. स्वमग्नता गेली नाही. दोघांमधली वाट रुंद झाली. गोव्यात जे स्थानिक माणसांना जमलं, ते जिंतूरच्या अंगणवाडीताईला आणि आशाताईला का जमू नये?

त्यांच्या हाती आधी प्रश्न द्यायला हवेत, आणि ते इथल्या अंगणातले. चांदोमामाकडं बोट दाखवलं तर लेकरू बोटाकडं बघतं, चांदोमामाकडं बघतं, की कुठंच नाही? पोळ्याला मातीच्या बैलापुढं वैरण टाकतं, की नुसतं त्याचं शिंग फिरवत बसतं? काही नवं सापडलं की आणून दाखवतं का? लग्नातल्या बँडला कान झाकून कोपरा धरतं का? कृषी विद्यापीठातल्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या तरुणासाठी प्रश्न आणखी वेगळे लागतील. असे प्रश्न इथल्या आयांकडून गोळा करावेत, ते शेकडो मुलांवर पडताळावेत, आणि मग रेघ ओढावी. काळजी वाटावी अशा प्रत्येक उत्तरामागं जिल्ह्यात एक तपासणी आणि त्या बारा भेटी उभ्या असाव्यात, नाहीतर ती मोजणी घराला फक्त घोर देऊन जाईल.

आईला लेकराची काळजी आहे, म्हणूनच ते ताट वाजतं. ते वाजवून झाल्यावर ‘आता नावानं हाक मारून बघा’ असं सांगणारं, आणि मान वळली नाही तर दारात येऊन बसणारं माणूस त्या घराला मिळालं, की परभणीचा खरा आकडा हळूहळू कळू लागेल.