शिक्षा भोगली, देणे फिटले का?



एखाद्या बाईच्या घरातून तिचे शिवणयंत्र चोरीस जाते. चोर सापडतो, त्याला दोन वर्षांची कैद होते आणि आपण म्हणतो, न्याय झाला. परंतु त्या बाईला काय मिळाले? चोराने आपली दोन वर्षे शासनाला दिली. जिचे नुकसान केले तिला काहीच दिले नाही. तरीही शिक्षा भोगली की देणे फिटले, असे आपण समजतो. ही समजूत पवित्र शास्त्राच्या कसोटीस उतरते काय?

निर्गमाच्या 22व्या अध्यायात चोरीचा नियम आहे. बैल चोरून कापला किंवा विकला तर एकाबद्दल पाच बैल, मेंढराबद्दल चार मेंढरे आणि जनावर जिवंत सापडले तर दुप्पट द्यावे. तेथे वारंवार येणारे इब्री क्रियापद ‘शिल्लेम’, म्हणजे भरून देणे, पुरते करणे. ‘शालोम’ हा शब्द त्याच धातूचा. मराठीत भाषांतर करताना हे नाते हातातून निसटते, कारण ‘भरपाई’ आणि ‘शांती’ हे आपल्याकडे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. मूळ भाषेत मात्र जे मोडले ते भरून देणे आणि शांती या एकाच घरच्या गोष्टी आहेत.

लेवीयाचा 6वा अध्याय आणखी पुढे जातो. ज्याने फसवून घेतले त्याने मूळ वस्तू व वर तिचा पाचवा हिस्सा धन्याला द्यावा आणि मग दोषार्पण आणावे. क्रम ध्यानात घ्या: आधी ज्याचे नुकसान झाले तो, नंतर वेदी. जक्कयाच्या घरी प्रभू येशू गेला तेव्हा त्याने आधी कोणतीही अट घातली नव्हती. कृपा प्रथम आली. पण तिच्यामागून चौपट परतफेड आल्यावाचून राहिली नाही.

कोणी म्हणेल, ही तर ढिलाई झाली. भय सरले की गुन्हे वाढतील. अधिकाऱ्यांच्या हाती तलवार उगाच दिलेली नाही, हे पौल रोमकरांस लिहितो आणि ते खरेच आहे. जो इतरांना धोका आहे त्याला आवरलेच पाहिजे. परंतु भरपाई सौम्य आहे असे समजू नका. तुरुंगात गुन्हेगाराला ज्याचे नुकसान केले त्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. भरपाईत पाहावे लागते.

आपल्या देशाच्या कायद्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी करणारा प्रथमच दोषी ठरला आणि त्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. त्याच्याही फार पूर्वी, 1939 मध्ये, औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तेथे कैदी शेती करीत, कुटुंबासह राहत. 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. शिक्षा संपल्यावर ज्याला परतायला घर आणि करायला काम आहे, त्याचा पुन्हा गुन्ह्याकडे जाण्याचा रस्ता आपोआप अरुंद होतो.

मात्र काही देणी फिटत नाहीत. गणनाच्या 35व्या अध्यायात खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेण्यास मनाई आहे, कारण जिवाला मोल नाही. 1999 च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालूच राहिला आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. या दोहोंत विरोध नाही. क्षमा करणे ज्याच्यावर घाव झाला त्याचा अधिकार आहे, न्याय करणे शासनाचे कर्तव्य. शेजाऱ्याच्या जखमेबद्दल आपण परस्पर क्षमा वाटू नये आणि त्या जखमेच्या नावाने सूडही मागू नये.

मग मंडळीने काय करावे? 2022 च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती आणि शंभरांतील 75 जणांचे खटले अजून निकालात निघाले नव्हते. अशांपैकी कित्येकांना जामीनदार मिळत नाही. आपण नाताळात तुरुंगात जाऊन गीते गातो, हे चांगलेच आहे. परंतु सुटून आलेल्याला काम कोण देतो? आणि ज्या घरी चोरी झाली, खून झाला, त्या घराची पायरी दुसऱ्या महिन्यात कोण चढतो? पौलाने फिलेमोनाला लिहिले की अनेसिमाने तुझे काही नुकसान केले असेल तर ते माझ्या नावे मांड. त्याने नुकसान नाकारले नाही आणि अनेसिमालाही टाकले नाही. आपल्या गावातल्या एखाद्या अनेसिमाचे देणे आपल्या नावे मांडून घेण्यास आपण तयार आहोत का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मंडळीत विचारून पाहावा.