दारातले पाणी

दरवर्षी मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ ठरलेली मागणी येते: शाळेत पोहणे सक्तीचे करा. अग्रलेखांत ती असते, पालकसभांत असते, 25 जुलैच्या जागतिक बुडणे प्रतिबंध दिनाच्या भाषणांत तर असतेच. ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. ती अपुरी आहे, आणि अपुरी असूनही एकदा केली की आपले कर्तव्य संपल्यासारखे वाटते, हे मला फार घातक वाटते.

बुडण्याचे मृत्यू रोखण्यावर जगभरच्या तज्ज्ञांची परिषद 2002 मध्ये आम्सटरडॅमला भरली. पुढे पोर्तो, दानांग, डर्बन असे करत ती 2023 च्या डिसेंबरात पर्थला पोचली. या दोन दशकांत खरे वळण दिले ते बांगलादेशाने. तिथल्या अभ्यासकांनी लहान मुलांचे मृत्यू वेळेनुसार मांडून पाहिले. बहुतेक मृत्यू सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यानचे निघाले. आई चुलीपाशी किंवा कामात, बाप शेतावर, थोरली भावंडे शाळेत, आणि पाणी घरापासून चार पावलांवर. मग गावागावांत ‘आंचल’ नावाची पाळणाघरे निघाली. गावातलीच एक बाई तेवढे चार तास पंचवीसेक मुले सांभाळते. एवढ्याशा व्यवस्थेने त्या वयातले बुडणे 80 टक्क्यांहून अधिक घटले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2021 मध्ये या विषयावर ठराव केला, त्यामागे आयर्लंडबरोबर बांगलादेश उभा होता, तो या कामाच्या बळावर.

पोहण्याचे पुरस्कर्ते यावर म्हणतील की त्याच बांगलादेशाने मुलांना पोहायलाही शिकवले आणि त्याचाही मोठा फायदा झाला. खरे आहे. पण ते शिकवणे कसले होते? गावच्या तळ्यात बांबूची चौकट उभारून, चार वर्षांवरच्या मुलांना पंचवीस मीटर हात मारता यावेत, अर्धा मिनिट तरंगता यावे आणि दुसरा बुडत असेल तर स्वतः उडी न टाकता काठी पुढे करावी, एवढेच. आपल्याकडे सक्ती म्हटली की डोळ्यांसमोर तरणतलाव येतो. तो तालुक्याच्या गावीसुद्धा क्वचितच असतो. वाडीवस्तीवरच्या पोरीने तिथे जायचे कसे आणि कोणाबरोबर? शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा आहे. दीड वर्षाच्या मुलाला कोणती शाळा पोहायला शिकवणार?

याच मताची दुसरी, अधिक लाडकी बाजू म्हणजे विहिरीची आठवण. पूर्वी पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून पोरांना विहिरीत ढकलत, आपोआप पोहणे येई, हल्लीची मुले मोबाइलमुळे बिघडली. या आठवणीत मुली जवळजवळ नसतातच. आणि विहिरीला पायऱ्या होत्या, कपारी होत्या, काठावर चार मोठी माणसे बसलेली असत. आजचे शेततळे जवळून पाहा. तीन मीटर खोल, चारही बाजूंना तीव्र उतार, त्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद. पाण्याच्या रेषेला त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. हात ठेवला की निसटतो, पाय रोवायला जागा नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा कडेला येऊन पोचतो आणि वर चढू शकत नाही; दमेपर्यंत घसरत राहतो. एक पोर आत गेले की दुसरे धावते, मग त्यांची आई. एकाच घरातले तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा.

बेफिकीर तरुण आणि सेल्फी यांच्यावर सगळा दोष टाकणाऱ्यांनी शेतमजुरांची मुले कुठे बुडतात ते आधी पाहावे. पाण्याला दरसाल बळी लागतो, या समजुतीला तर उत्तर द्यायचीही गरज नाही.

माझा मुद्दा एका भेदाचा आहे. काही माणसे पाण्याकडे जातात आणि काहींच्या दारात पाणी असते. धबधब्याला, किनाऱ्याला, धरणावर जाणारा स्वतः ठरवून जातो. त्याला ताकीद देता येते, त्याच्यासाठी गोव्यासारखे जीवरक्षक नेमता येतात, त्याला पोहणे शिकवता येते. दारातल्या पाण्याचे तसे नाही. कालव्यावर धुणे धुणारी बाई, उसाच्या फडाकडेला झोळीतून उतरलेले मूल, मोटार चालू करायला विहिरीवर वाकलेला गडी, यांपैकी कोणीही पोहायला गेलेले नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आपल्या देशात दरवर्षी बुडून मेलेल्यांची संख्या 30 हजारांच्या वर असते, आणि त्यांतला सर्वांत मोठा रकाना असतो चुकून पाण्यात पडल्याचा. पडणाऱ्याला कौशल्य फार उशिरा उपयोगी येते. त्याच्या आधी कुंपण हवे, धरायला काही हवे आणि बघणारे माणूस हवे.

यांतले काहीच आपल्याला अनोळखी नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने सांगितले होते की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली तर त्यांच्याकडे बघायला एक बाई नेमावी आणि तिलाही मजुरी द्यावी. तशी बाई सुगीत आणि ऊसतोडीत गावोगाव हवी, अंगणवाडीत अजून न बसणाऱ्या एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी तर आधी हवी. शेततळ्याची लांबी, रुंदी, खोली मापून अनुदान देता येते, तर तारेचे कुंपण आणि चारही बाजूंना खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर त्याच वेळी तपासता येईल. दोर नसेल तर शेवटचा हप्ता थांबवावा.