सतरा मिनिटांचा पाऊस

सामना चालू असताना पाऊस आला, तर तो कोणाच्या बाजूने पडतो? प्रश्न पोरकट वाटेल. पण जिंकल्यावर आपण सगळेच त्याचे उत्तर अगदी खात्रीने देतो.

२ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सिरीज’चा सातवा, निर्णायक सामना चालू होता. पाहुणा संघ शिकागो कब्स १९०८ नंतर, म्हणजे १०८ वर्षे, विजेतेपदाविना. यजमान क्लीव्हलँडचे शेवटचे विजेतेपद १९४८ सालचे. आता आपण स्वतःला क्लीव्हलँडच्या एखाद्या साठीच्या चाहत्याच्या जागी ठेवून पाहा. जन्मात एकदाही आपला संघ विजेता झालेला पाहिलेला नाही. आठव्या डावात संघ ६-३ असा मागे. मग एक धाव मिळते, आणि पाठोपाठ राजाई डेव्हिसने टोलावलेला चेंडू भिंतीपलीकडे जातो. ६-६! शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला घट्ट मिठी मारतो. नववा डावही बरोबरीतच संपतो. या खेळात सामन्याला वेळेची मर्यादा नसते. निकाल लागेपर्यंत खेळायचे.

आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. मैदानावर ताडपत्री पसरतात, खेळाडू आत जातात. तुम्ही मात्र भिजत खुर्चीवरच. खेळाडूला निदान काहीतरी करता येते, चाहत्याच्या हाती काहीच नसते. इतके मनापासून हवे असलेले आणि इतके आपल्या हाताबाहेरचे दुसरे काय असेल? तुम्ही प्रार्थना करता. चार रांगा पलीकडे निळ्या टोपीतला शिकागोचा चाहताही हात जोडून बसला आहे.

तिकडे आत, त्या मोसमात फलंदाजीत स्वतः चाचपडलेला जेसन हेवर्ड कब्सच्या सहकाऱ्यांना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर देत होता. पाऊस १७ मिनिटांत थांबला. दहाव्या डावात कब्सने दोन धावा काढल्या. क्लीव्हलँडला एकच काढता आली. मध्यरात्र उलटल्यावर निकाल लागला, ८-७. शिकागोच्या कित्येकांना तो पाऊस दैवी वाटला.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की प्रत्येक जमेसमोर कुठेतरी नावे असते. (कृपेचा हिशेब असा मांडू नये, असे कोणी म्हणेल. मलाही तसे वाटते. पण मग जमेची बाजू तरी आपण इतक्या आनंदाने का लिहितो?) शिकागोच्या वहीत जमा झालेली ती १७ मिनिटे क्लीव्हलँडच्या साठीच्या माणसाने कोणत्या खात्यावर लिहायची? त्याची प्रार्थना कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. हेवर्डने त्या वेळेचे सोने केले, हे खरे. पण पाऊस त्याने पाडला नव्हता.

हा सामना मला पुन्हा पुन्हा आठवतो, त्याला कारण आहे. मुंबईच्या पावसात आमचा कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर एकदा पुढे ढकलला गेला. माझी तयारी अर्धवट होती. मिळालेल्या दिवसांत ती झाली आणि मी पास झालो. आई म्हणाली, “देवाची कृपा.” मीही तेच फोनवर मित्राला सांगितले. त्याची तयारी पहिल्या तारखेलाच पूर्ण होती. नव्या तारखेला मात्र तो वडिलांसोबत रुग्णालयात होता आणि त्याचा पेपर राहिला. तो शांतपणे म्हणाला, “बरं झालं तुझं.” थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो.

तेव्हापासून तो शब्द उच्चारताना मी अडखळतो. कृपा नसते, असे मला म्हणायचे नाही. पण शेजारच्या खुर्चीवर भिजत बसलेल्या माणसाकडे न पाहता तो शब्द वापरला, तर आपण देवाचे आभार मानतो की स्वतःच्या नशिबाचे कौतुक करतो?

पुढच्या सत्रात मित्राने तो पेपर दिला. त्याचे वडील तेव्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होते. त्या तीन तासांत त्यांच्याजवळ मी बसलो होतो.