लेखणी कोणावरून उचलली गेली?



आयुष्यभर फज्रची नमाज न चुकविलेले वडील वार्धक्यात नमाज अदा केली की नाही, हेच विसरतात. चारऐवजी दोनच रकअती पढतात, रमजानच्या दुपारी पाणी मागतात. अशा वेळी घरची माणसे कासावीस होतात. अब्बांच्या या फर्जांचे काय होणार?

काही माणसांना वयाच्या अशा अवस्थेपर्यंत पोचविले जाते की जाणलेलेही काही उरत नाही, असे दिव्य कुरआनात (१६:७०) सांगितले आहे. म्हणजे ही अवस्था निर्मात्याला ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, बालक वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरपलेला भानावर येईपर्यंत. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे.

बुद्धी ही शरीअतमध्ये जबाबदारीची पहिली अट आहे. ज्यांचे भान पूर्णपणे व कायमचे हरपले, त्यांच्यावर नमाज नाही, रोजा नाही आणि रोजाचा फिदियाही नाही. फिदिया आहे तो बुद्धी शाबूत असूनही शरीराने थकलेल्या वृद्धासाठी. भान येत-जात असेल, तर भानावर असतानाच्या वेळेची नमाज मात्र फर्जच राहते. आजारामुळे रकअतींची गणना राहत नसेल, तर हनफी फुकहांच्या मते अदायगी बंधनकारक नाही. तथापि शेजारी बसून कोणी सांगत गेल्यास अशी नमाज पुरेशी मानली आहे.

जकातीबाबत मतभेद आहे. हनफी मतानुसार अशा व्यक्तीच्या संपत्तीवर जकात नाही. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मताचे आहेत, त्यानुसार पालकाने ती त्यांच्या संपत्तीतून द्यावी. आपल्या आलिमांना विचारूनच निर्णय घ्यावा.

परंतु लक्षात ठेवा, लेखणी त्यांच्यावरून उचलली गेली आहे, आपल्यावरून नाही! तोच प्रश्न ते दहाव्यांदा विचारतात तेव्हा आपल्या तोंडून निघणारा ‘उफ’ लिहिला जात आहे. भान नसलेल्या पित्याचा जमिनीच्या कागदावर अंगठा घेणाऱ्याने जाणावे की असा व्यवहार शरीअतमध्ये ग्राह्य नाही, आणि त्याचा हिशेब द्यावाच लागेल.

त्यांची परीक्षा संपत आली आहे, आपली सुरू आहे. अल्लाह आपणांस आईवडिलांच्या सेवेची सद्बुद्धी देवो. आमीन.