गोळीचा जोर आणि मारणाऱ्याची जबाबदारी

जनावर मारणे भागच असेल, तर ते चटकन मरावे म्हणून अधिक जोरदार काडतूस घडवणे योग्य की अयोग्य? वऱ्हाडात हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. समजा, अकोट-दर्यापूरकडचा, बंदुकीचा परवाना असलेला एक कास्तकार हा प्रश्न घेऊन समोर बसला आहे. तो कल्पनेतला आहे, त्याची अडचण मात्र खरी आहे.

कास्तकार : भाऊ, माह्या वावरात रातच्याले रोह्यांचा कळप घुसते. तूर खाते कमी, तुडवते जास्त. मारायची परवानगी भेटली तरी माह्यापाशी बारा बोअर. छऱ्यानं रोही जागेवर पडत नाही, जखमी होऊन पळते अन् कुठंतरी कुजून मरते. मंग चांगल्या रायफलीसाठी मी खास जोरदार काडतूस बनवून घेतलं, तं त्यात वाईट काय? त्याचे हाल तं कमी होतीन.

लेखक : तुमच्या बोलण्यातला गाभा मला मान्य आहे, म्हणून आधी तोच मांडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 9 शिकारीला बंदी घालते. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवान्याचीही वाट उरली नाही. उरला तो कलम 11 चा अपवाद : उभ्या पिकाला धोका ठरणारे रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येते. ही परवानगी मारण्याची आहे, हाल करण्याची नाही. ज्याने मारणे पत्करले, त्याने ते मरण झटपट आणि नक्की येईल अशी तजवीज करणेही पत्करले, हे तुम्ही ओळखले आहे. मतभेद पुढच्या पायरीवर आहे. असे मरण काडतुसाच्या जोरातून येते, असे तुम्ही धरून चालला आहात. तिथेच तपासणी करायला हवी.

तुम्ही म्हणता त्या खास काडतुसाला बंदुकीच्या जगात वाइल्डकॅट म्हणतात. कारखान्यात तयार होणाऱ्या एखाद्या काडतुसाची पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची किंवा रुंदावायची, खांद्याचा कोन बदलायचा, त्यात वेगळ्या वजनाची गोळी आणि वेगळ्या मापाची दारू भरायची. अमेरिकेत ही मोठी परंपरा आहे. .30-06 ची मान आवळून केलेले .25-06 अनेक दशके हौशी कारागिरांच्या हातचेच काडतूस होते. 1969 मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते प्रमाणित केले. म्हणजे या वाटेने चांगली काडतुसे निघाली आहेत, हे नाकारता येत नाही.

कास्तकार : मंग आपल्याकडं काहून नको?

लेखक : पहिला अडसर कायद्याचा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. पण कायदा उद्या बदलू शकतो, म्हणून फक्त त्यावर विसंबून राहणार नाही. इतिहास पाहा. 1907 मध्ये इंग्रज सरकारने भारतात .450 बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. तो दारूगोळा बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल, ही भीती त्यामागे होती. लगेच इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी .465, .470, .475, .476 अशी नवी काडतुसे काढली. वाघ, गवा आणि हत्ती .450 नेही मरतच होते. लष्करी .303 सामान्य माणसाला वर्ज्य होते, म्हणून इथे .315 रूढ झाले. ते मुळात ऑस्ट्रियाच्या 8 मिमी मॅनलिकर या लष्करी काडतुसाचेच रूप. नवे काडतूस घडते ते बहुधा कायद्याला वळसा घालायला, बाजार धरायला किंवा घडवणाऱ्याच्या कुतूहलापोटी. जनावराची दया हे कारण मागाहून जोडले जाते.

दुसरा पुरावा परिणामांचा. जिम कॉर्बेटची आवडती रायफल .275 रिग्बी होती, म्हणजे 7 मिमी मॉझर. तिच्यात दांडगा जोर नाही. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेलने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले पुष्कळ याच काडतुसाने. हत्तीचा मेंदू कुठे असतो हे त्याने डोकी कापून अभ्यासले होते. गोळीचा वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, हे खरे. पण पोटात बसलेली चौपट ऊर्जा जनावराला चटकन मारत नाही. हृदय-फुप्फुसात बसलेली साधी गोळी मारते. शिवाय हलकी आणि अतिवेगवान गोळी खांद्याच्या हाडावर फुटून उथळ जखम करू शकते. तुमचा रोही जखमी होऊन पळतो त्याची कारणे बघा : अंधार, अंदाजाने धरलेले अंतर, हलणारा कळप आणि लांबवर विखुरणारे छर्रे. यांतले शेवटचे कारण योग्य रायफलीने दूर होते. उरलेली तीन कुठल्याही पुंगळीत बसवता येत नाहीत.

कास्तकार : तुमचा बेल मोठा नेमबाज असंन. माह्यासारख्याचा नेम थोडा चुकला तं जास्त जोर कामी येईनच ना?

लेखक : हा आक्षेप वजनदार आहे. किमान जोर हवाच, आणि तो किती हे ठरवताही येते. जर्मनीच्या शिकार कायद्यात हरीण आणि रानडुकरासाठी गोळी निदान 6.5 मिमीची आणि 100 मीटरवर तिची ऊर्जा निदान 2000 ज्यूल हवी, अशी अट आहे. छोट्या रो हरणाला 1000 ज्यूल पुरतात. पण त्याच देशात परवान्याआधी शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, तिच्यात नेमबाजी असते आणि जखमी जनावराचा माग काढणे हे कर्तव्य मानले जाते. त्या किमान रेषेपुढे जोर वाढवला की रायफलीचा धक्का वाढतो, चाप दाबताना माणूस दचकतो आणि नेम आणखी बिघडतो. म्हणजे कच्च्या नेमबाजाला जादा जोर अनेकदा घातकच. आणि ती रेषा ओलांडणारी, दाब तपासलेली, वर्षानुवर्षे वापरातली काडतुसे कारखान्यात आधीच तयार होतात. तुमच्या घडवलेल्या काडतुसाचा दाब कोणी मोजलेला नसेल. त्याची गोळी मांसात कशी उघडते याची पहिली परीक्षा जिवंत रोह्यावर होईल. ज्याचे हाल टाळायचे म्हणून हा उद्योग मांडला, त्यालाच प्रयोगाचे साधन करायचे, ही या बेतातली नैतिक विसंगती आहे.

कास्तकार : मंग महानुभावांचं रिद्धपूर आपल्या जवळच आहे, भाऊ. चक्रधर स्वामींनी पारध्याच्या हातून ससा वाचवला. आमीबी बंदूक ठेवून द्याव अन् तूर सोडून द्याव, असं म्हनता का?

लेखक : नाही. लीळाचरित्रातला ससा कुणाचे पीक खात नव्हता, आणि वर्षाची कमाई डोळ्यांदेखत तुडवली जाताना कास्तकाराला केवळ अहिंसेचा उपदेश करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पण त्या लीळेतून एक मर्यादा घेता येते : आश्रयाला गेलेल्या जिवावर पारध्याचा हक्क उरत नाही. ती आपल्याला लागू पडते. तुमच्या तुरीतला रोही आणि नरनाळा-मेळघाटाच्या रानात परतलेला रोही यांच्यावर तुमचा हक्क सारखा नाही. इथेच सगळ्या प्रश्नाची मेख आहे. जखमी जनावर अभयारण्यात शिरले तर त्याला शोधून संपवणे हे मारणाऱ्याचे कर्तव्य. पण कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन तुम्ही अभयारण्यात पाऊल ठेवू शकत नाही. म्हणजे जे कर्तव्य गोळी झाडताच तुमच्या माथी येते, ते एकट्याने पुरे करणे तुम्हाला शक्यच नाही. जे काम माणूस शेवटाला नेऊ शकत नाही, ते त्याने एकट्याने सुरू करू नये. काडतूस कितीही जोरदार असले तरी ही अडचण सुटत नाही.

कास्तकार : सरकारची मानसं येईपर्यंत तूर राहीन का?

लेखक : आज राहणार नाही, म्हणून राग सरकारवर धरा आणि मागणी नेमकी करा. 2016 मध्ये बिहारमध्ये बाहेरून नेमबाज आणून रोही मारले, तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला. 2022 मध्ये केरळने रानडुकरे मारण्याच्या परवानगीचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत नेले. अशा वेळी कोणते प्रश्न विचारले जातात तेही पाहा : 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री पांढरकवडा भागात नरभक्षक ठरवलेली टी-1 वाघीण मारली गेली. त्यावरच्या वादाचा रोख काडतुसाच्या जोरावर नव्हता. रात्री गोळी का झाडली, बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला का, असे प्रश्न विचारले गेले. समाज मारणाऱ्याकडून निर्णयाचा हिशेब मागतो, आणि त्याने तो मागितलाच पाहिजे.

म्हणून माझा निर्वाळा असा. आधी कुंपण : जन-वन विकास योजनेतले सौर कुंपण जंगलाच्या कडेच्या गावांपुरते न ठेवता तुमच्या खारपाणपट्ट्यातही द्यावे, आणि कोणत्या पिकाला कसले कुंपण पुरते हे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शेतावर तपासून सांगावे. तरीही मारणे अटळ ठरले, तर परीक्षा दिलेले नेमबाज, कारखान्याचे प्रमाणित काडतूस, दिवसाचा उजेड आणि जखमी जनावराचा माग अभयारण्यातही काढू शकणारे वनखात्याचे पथक, एवढे सारे तालुक्याला हवे. किती मारले याबरोबर किती जखमी होऊन सुटले, याचीही नोंद व्हावी. भाऊ, नव्या काडतुसासाठी खर्च करणार असाल ती बुद्धी आणि पैसा गावाच्या कुंपणात घाला, आणि पुढच्या ग्रामसभेत या पथकाचा ठराव मांडा.